दरडोई

ते पत्र आलं तेव्हा जान्हवीला खरं तर आनंद झाला होता. सिंगापूरला बिशानमधल्या त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर पत्रपेट्यांची रांग होती आणि रोज दुपारी वल्लरी शाळेतून यायच्या आधी खाली जाऊन पेटी उघडणं हे जान्हवीचं काम. त्या दिवशी पिझ्झाच्या जाहिरातींमध्ये एक लांबट पांढरा लिफाफा होता. वर कुणाचं नाव नव्हतं, फक्त फ्लॅटचा नंबर आणि ‘येथील रहिवाशांस’. लिफ्टमध्येच तिनं तो फोडला. देशातल्या घरांचं उत्पन्न आणि खर्च यांची पाहणी सुरू आहे, नमुन्यात तुमचं घर निवडलं गेलं आहे, माहिती देणं कायद्यानं बंधनकारक आहे, ती गुप्त ठेवली जाईल, वगैरे. लिफ्ट अकराव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, पुन्हा लागलं, तरी ती आतच उभी राहून वाचत होती.

असली पत्रं तिनं एके काळी स्वतः वाटली होती. लग्नाआधी चार वर्षं जान्हवी अमरावतीला सरकारी नमुना पाहणीच्या कामावर होती. खांद्याला पिशवी, पिशवीत छापील तक्ते, आणि एसटीनं अचलपूर, चांदूर, दर्यापूर. घर म्हणजे कोण, याची व्याख्या तिला अजून पाठ होती: एका चुलीवर शिजलेलं खाणारी माणसं. पहिल्या आठवड्यात तिला शिकवायला आलेले विश्वास साहेब म्हणाले होते, “बाई शून्य म्हणाली तर शून्य लिहायचं. आपल्याला वाईट वाटलं म्हणून पाच लिहायचे नाहीत.” तिला ते काम आवडायचं. लोक आधी संशयानं बघायचे, मग पाट द्यायचे, आणि तासाभरानं जे स्वतःच्या भावालाही सांगितलं नसेल ते सांगून मोकळे व्हायचे.

आता तिच्या दारात तसंच कुणीतरी येणार होतं. तिनं पत्र नरेशच्या ताटाशेजारी ठेवलं.

नरेश रॅफल्स प्लेसला एका बँकेच्या तंत्रज्ञान विभागात होता. त्याला सिंगापूरमध्ये एकवीस वर्षं झाली होती. लग्नाच्या आधीच त्याला पीआर, म्हणजे कायमचं राहण्याचा परवाना, मिळालं होतं, आणि वल्लरी जन्मली ती इथेच, त्यामुळे तिचंही झालं. जान्हवीचा अर्ज मात्र दोनदा परत आला होता. कारण सांगत नाहीत. ती लाँग टर्म व्हिजिट पासवर राहत होती. तो पास वर्षावर्षाला वाढवावा लागे आणि त्याला लागणारा हमीदार म्हणजे नरेश. घरही भाड्याचंच. काँडो, म्हणजे खासगी सोसायटीतलं घर, घेणं आपल्याला झेपणारं नाही, असं नरेश दरवर्षी सांगायचा, आणि पुण्याच्या दोन फ्लॅट्सचे हप्ते भरायचा.

त्यानं पत्र वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. यांना काय करायच्यात आपल्या भानगडी, म्हणाला. पण न देऊन चालणार नाही हे त्यालाही दिसत होतं. शनिवारी बोलाव, मी असेन, एवढं ठरलं.

शनिवारी मिसेस लिम आल्या. साठीच्या आसपासच्या, आखूड केसांच्या, कॅनव्हासची पिशवी आणि टॅब्लेट घेऊन. त्यांनी चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, तेव्हाच जान्हवीला त्या आवडल्या. या घरात किती जण राहतात, मुख्य माणूस कोण, प्रत्येकाचं वय, शिक्षण, कोण काम करतं. नरेश सोफ्यावर पुढे सरकून उत्तरं देत होता. जान्हवीच्या कामाचा प्रश्न आला तेव्हा त्यानंच सांगितलं की तिला काम करायची गरज नाही. मिसेस लिमनी मान डोलावली आणि टॅब्लेट हातात धरून वळून जान्हवीकडे पाहिलं.

“तुम्हालाच विचारावं लागतं मला,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “तुमचं स्वतःचं काही उत्पन्न?”

“शून्य,” जान्हवी म्हणाली.

मग नरेशनं तिला पपई कापायला सांगितली.

स्वयंपाकघर म्हणजे बैठकीला लागूनच, मध्ये दारही नव्हतं. नरेश आवाज खाली करून बोलला, पण नळ बंद होता आणि सुरी अजून हातात घ्यायची होती. एकवीस हजार चारशे डॉलर, तो म्हणाला. महिन्याला. बोनस वेगळा, साधारण चार महिन्यांच्या पगाराएवढा.

जान्हवीनं पपई फळीवर ठेवली. चौदा वर्षांच्या संसारात हा आकडा तिनं पहिल्यांदा ऐकला होता. तिचा अंदाज आठ-नऊ हजारांचा होता. ओढाताण आहे, जपून चालायला हवं, इथे पडलो तर उचलायला कुणी नाही, हे ती इतकी वर्षं ऐकत आली होती आणि त्यावरून तिनं मनाशी एक आकडा बांधला होता. आता जुन्या सवयीनं डोक्यात भागाकार सुरू झाला. बोनस बारा महिन्यांत वाटला तर महिन्याला अठ्ठावीस हजार पाचशे. घरात तीन डोकी. दरडोई साडेनऊ हजार. संध्याकाळी फोनवर तिनं मागच्या वर्षाचे उत्पन्नाचे तक्ते शोधून पाहिले. त्यांचं घर देशातल्या वरच्या पाचव्या हिश्श्यात आरामात बसत होतं. आणि भागाकाराच्या नियमानं ती स्वतःही.

पण त्या संध्याकाळी ती रडली ती वेगळ्याच गोष्टीसाठी. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात अमरावतीला तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. नरेशनं तेव्हा लॅपटॉप तिच्याकडे वळवून खर्चाचा तक्ता दाखवला होता. नाताळाच्या गर्दीतलं तिकीट, एक खण लाल झालेला. पुढच्या आठवड्यात भाव उतरतील तेव्हा जा, तो म्हणाला होता, अगदी समजावणीच्या स्वरात. आई चौथ्या दिवशी गेली. भावानं, प्रबोधनं, फोन धरून ठेवला होता. भन्तेंचा आवाज ऐकू येत होता आणि मधूनमधून प्रबोधचा हात भरून आला की चित्रात फक्त मांडवाचं कापड दिसत होतं. तेव्हा जान्हवीनं मनाला समजावलं होतं की नव्हतेच पैसे, त्याला तरी काय करता येणार होतं.

मिसेस लिमनी जाताना दोन वह्या ठेवल्या. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकानं दोन आठवडे रोजचा आपला खर्च लिहायचा. वल्लरी तेराची, त्यामुळे तिला वही नव्हती. घराचा बाजार, वीज, भाडं हे नरेशच्या वहीत जाणार होतं, कारण ते त्याच्या खात्यातून जायचं. जान्हवीच्या वहीत तिनं स्वतःसाठी केलेला खर्च यायचा होता.

पहिल्या पाच दिवसांत तिच्या वहीत काहीच आलं नाही. तिच्याकडे नरेशच्या खात्याला जोडलेलं एक कार्ड होतं. ते कुठेही वापरलं की नरेशच्या फोनवर संदेश जाई. तो कधी रागवायचा नाही. फक्त अर्ध्या तासानं ऑफिसातून फोन यायचा, की ते तीन डॉलर ऐंशी कसले होते? कॉफीचे, असं ती सांगायची. बरं, एवढंच तो म्हणायचा. असं तीन-चार वेळा झाल्यावर तिनं बाहेर कॉफी पिणं सोडून दिलं होतं. कधी सोडलं हे तिला आठवतही नव्हतं. रोज रात्री जेवणं झाल्यावर ती वही उघडून तारीख घाली आणि पुढे आडवी रेघ मारी.

रविवारी सगळे पुलाउ उबीन बेटावर गेले. नरेशच्या ऑफिसातला तन्मय, त्याची बायको उल्का, आणखी दोन कुटुंबं, मुलं मिळून तेरा जण. चांगीच्या धक्क्यावरून लाकडी बोटीनं पलीकडे जायचं, भाड्यानं सायकली घ्यायच्या, दिवसभर हिंडायचं. सायकलींचे पैसे नरेशनं सगळ्यांचे भरले. शहाळीही त्यानंच पाजली. चारचौघांत त्याचा हात सढळ असायचा आणि त्यात खोटेपणा नव्हता, त्याला मनापासून आवडायचं ते. उल्का जान्हवीच्या शेजारून सायकल चालवत म्हणाली, की तुझं बरं आहे बाई, तुला कशाचं टेन्शनच नाही, सगळं नरेश बघतात. जान्हवी हसली.

परतताना साडेपाच वाजले होते. बोटीत बारा माणसं बसतात, तेरावा चालत नाही. जान्हवी पाण्याच्या बाटल्या भरायला मागे राहिली होती. ती धक्क्यावर पोचली तेव्हा बाकीचे बारा जण बसलेले. बोटवाल्यानं हात वर करून आणखी एक चालणार नाही म्हणून सांगितलं. वल्लरी उठायला लागली, तर नरेशनं तिला खांद्याला धरून बसवलं.

“जान्हवी, पुढच्या बोटीनं ये तू,” तो ओरडला. “दहा मिनिटांचा प्रश्न आहे.”

बोट गेली. पाण्यावर डिझेलचा वास राहिला. पुढची बोट लागली, माणसं रांगेनं बोटीत चढू लागली आणि बोटवाल्यानं बिस्किटांचा रिकामा डबा पुढे केला. चार डॉलर. नोटा किंवा नाणी. जान्हवीनं कार्ड दाखवलं. त्यानं मान हलवली. तिनं फोनवरून पैसे पाठवता येतील का विचारलं असतं, पण फोनला जोडलेलं तिचं खातंच नव्हतं. तिचं कुठलंच खातं नव्हतं. मागची माणसं खोळंबली होती. ती बाजूला झाली.

नरेशला फोन लावला. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेला नसावा. पुन्हा लावला. मग तिनं लावणं बंद केलं, कारण त्यानं उचलून तरी काय होणार होतं, तो पलीकडून चार डॉलर फेकणार होता थोडाच. ती बोट तिच्याशिवाय गेली. त्यानंतरचीही गेली. धक्क्यावरच्या बाकावर बसून ती पलीकडचा किनारा बघत राहिली. तिथल्या इमारती दिसत होत्या, उतरणारी विमानं दिसत होती. इतक्या जवळ होतं सगळं. कुणाकडे मागावे? एकवीस हजार चारशे पगाराच्या घरातल्या बाईनं परक्या माणसापुढे चार डॉलरसाठी हात कसा पसरायचा? चाळीस मिनिटं ती बसली होती. गर्दी पांगत चालली आणि बोटवाले आता शेवटच्या फेऱ्यांचं बोलू लागले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी मलय बाई पायाशी टोपली घेऊन बसली होती. ती बराच वेळ जान्हवीकडे पाहत असावी. बोट लागली तशी ती उठली, डब्यात आठ डॉलर टाकले आणि जान्हवीला कोपरानं पुढे ढकललं. जान्हवी काही बोलायला गेली तर तिनं हात हलवून नको नको केलं. पलीकडे पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि उतरल्यावर टोपली डोक्यावर धरून बस स्टॉपकडे निघूनही गेली. जान्हवीनं तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

नरेश धक्क्यावर वाट पाहत होता. एवढा वेळ कसा लागला, त्यानं विचारलं. सुट्टे पैसे नव्हते, ती म्हणाली. त्यावर तो मोठ्यानं हसला आणि सगळ्यांना सांगितलं, की आमची बाई क्रेडिट कार्ड घेऊन जंगलात जाते. सगळे हसले. वल्लरी हसली नाही. त्या रात्री हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉल्सवर तेरा जणांचं जेवण नरेशनं घातलं.

घरी आल्यावर जान्हवीनं वही उघडली. रविवार. बोटीचं भाडं, चार डॉलर. कोणी दिले, असा एक रकाना होता. तिनं लिहिलं: अनोळखी बाईनं.

दोन आठवडे संपले. मिसेस लिम दुसऱ्या दिवशी वह्या न्यायला येणार होत्या, म्हणून नरेशनं जेवणाआधी दोन्ही वह्या टेबलावर घेतल्या. आपली तपासली. मग जान्हवीची उघडली. चौदा पानं उलटायला त्याला फार वेळ लागला नाही. तेरा रेघा आणि एक ओळ.

“हे काय आहे?” त्यानं विचारलं.

“माझा खर्च.”

“असं कसं असेल? दोन आठवड्यांत तू काहीच घेतलं नाहीस?”

“नाही घेतलं.”

त्यानं पेन उचललं आणि तिच्याकडे सरकवलं. म्हणाला, असं देऊ नकोस, बरं दिसत नाही. केस कापायला गेली होतीस लिही, पंचेचाळीस. उल्काबरोबर जेवलीस, अठ्ठावीस. सँडल घे एक. आणि ती बोटीची ओळ खोड, भिकाऱ्यासारखं वाटतं ते. कोण बघायला येणार आहे? हजारो घरांच्या ढिगात जाणार.

जान्हवीनं पेन घेतलं नाही. तिला विश्वास साहेबांची पिशवी, त्यांच्या शर्टाच्या खिशावरचा शाईचा डाग असं काहीबाही आठवत होतं. तिनं आयुष्यात खूप ठिकाणी माघार घेतली होती, पण खोटा आकडा कधी लिहिला नव्हता, आणि तिच्याकडे आता स्वतःचं म्हणून एवढंच उरलं होतं.

“मी हे लिहिणार नाही,” ती म्हणाली.

“त्या बाईसमोर मला काय ठरवायचंय तुला? बायकोला उपाशी ठेवणारा?”

“तुला काही ठरवायचं नाहीये. झालं ते लिहिलंय.”

“तू मागितलंस आणि मी दिलं नाही, असं एकदा तरी झालंय? एकदा सांग.”

ते खरं होतं. तिनं मागितलं की तो द्यायचा. म्हणूनच तिला इतकी वर्षं नेमकं काय खुपतं ते सांगता येत नव्हतं. आता सांगता आलं.

“आईच्या वेळेला मागितलं होतं,” ती म्हणाली. “एकवीस हजार आहेत हे मला माहीत असतं, तर मी मागितलं नसतं रे. मी गेले असते.”

नरेशनं वही मिटली. वल्लरीच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता, म्हणजे दार उघडंच होतं. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. त्या डिसेंबरात त्याच्या मजल्यावरच्या चाळीस लोकांना काढलं होतं, म्हणाला. रोज सकाळी कुणाचं तरी टेबल रिकामं दिसायचं. पिंपरीला वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा तो अकरावीत होता, आणि वडील सहा महिने रोज डबा घेऊन बाहेर पडत, बागेत बसून संध्याकाळी परत येत. तसं व्हायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आई बऱ्या होतील असं वाटलं होतं मला, तो म्हणाला.

जान्हवीला त्याची कीव आली. आणि कीव आली तरी काही सुटत नाही, हेही तिला त्याच वेळी कळलं. त्याची भीती तिच्याएवढीच खरी होती. फक्त त्याच्या भीतीची किल्ली त्याच्या खिशात होती, आणि तिचीही त्याच्याच.

वही तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी नरेश मुद्दाम लवकर घरी आला. मिसेस लिमनी त्याची वही चाळली, दोन बिलं विचारली आणि जान्हवीची उघडली. त्यांनी चष्मा वर सरकवला. तुम्ही लिहायला विसरला नाहीत ना, त्यांनी विचारलं. नाही. औषधं, बस, खाणं, फोनचं बिल? बसचं कार्ड नरेश भरतो, ती म्हणाली, फोन त्याच्याच बिलात येतो. आणि हे चार डॉलर? तेव्हा नरेश मध्येच हसत बोलू लागला, की तो एक गमतीचा किस्सा आहे, बोट चुकली आणि. मिसेस लिमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा जान्हवीकडेच पाहिलं.

“ओळख नव्हती त्यांची?”

“नाही.”

“म्हणजे दुसऱ्या घराकडून मिळालेली भेट,” मिसेस लिम म्हणाल्या आणि टॅब्लेटवर तसं नोंदवलं. मग पुढे म्हणाल्या, की कॉम्प्युटर बाकीच्या रिकाम्या दिवसांवर लाल खूण करतो, त्यामुळे त्यांना शेरा लिहावा लागेल. त्यांनी टाइप केलं. वाचून दाखवलं. “विचारून खात्री केली. शून्य बरोबर आहे.”

इतकं कोरडं वाक्य, पण कुणीतरी दारात येऊन, विचारून, ते तसंच उतरवून घेतलं होतं.

नरेशला ऑफिसचा फोन आला म्हणून तो खिडकीशी गेला. जान्हवी मिसेस लिमना दारापर्यंत सोडायला आली. चपला घालताना त्यांना तिनं सांगितलं की आपणही हेच काम करत होतो, भारतात. त्या खूश झाल्या. तेव्हाच मला वाटलं होतं, म्हणाल्या, तुम्ही उत्तर देण्याआधी प्रश्न पूर्ण होऊ देता. मग जान्हवीनं धीर करून विचारलं, तुमच्याकडे माणसं घेतात का? मिसेस लिमनी तिच्या पासबद्दल विचारलं, आणि ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. या पाहणीचं कंत्राट घेतलेली आमची कंपनी नागरिक आणि पीआर यांनाच घेते, त्या म्हणाल्या. लिफ्ट आली. त्यांनी जान्हवीच्या दंडाला हात लावला आणि गेल्या.

नरेश त्या प्रकरणावर पुन्हा काही बोलला नाही. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला जान्हवीचा पास संपत होता. दरवर्षी तो महिनाभर आधी अर्ज करायचा. या वेळी केला नाही. तिनं एकदा आठवण केली, दोनदा केली. रविवारी बघतो, तो म्हणायचा. रविवारी त्याला कामं असायची. जान्हवी रोज सकाळी उठली की मनात दिवस मोजायची. प्रबोधला फोन करावा असं वाटे, पण त्याला सांगायचं काय, की नवऱ्यानं अजून फॉर्म भरला नाही? पंचवीस तारखेला संध्याकाळी नरेशनं लॅपटॉप उघडला, तिचा फोटो मागितला आणि अर्ध्या तासात अर्ज करून टाकला. पास मिळाला. एक वर्षाचा. तो खरंच गडबडीत होता की त्यानं तिला दाखवून दिलं, हे जान्हवीला कधीच कळलं नाही. बहुधा त्यालाही नसेल.

त्यानंतर एक झालं. तिनं स्वतःच्या नावाचं खातं मागितलं आणि नरेशनं ते उघडून दिलं. महिन्याला तीनशे डॉलर त्यात जमा होऊ लागले. खातं दोघांच्या नावावर होतं, सोयीसाठी. पहिले सहा महिने तिनं त्याला हात लावला नाही. मग तिकिटाएवढे साठले तेव्हा ती अमरावतीला जाऊन आली, नऊ दिवस. प्रबोधच्या घरी आईची खाट दुसऱ्या खोलीत हलवली होती आणि तिच्यावर आता गाद्यांची चळत होती. नरेशनं तिला विमानतळावर सोडलं, घ्यायलाही आला. परतीचं तिकीट त्यानंच आधी बघून दिलं होतं.

पाहणीचे निकाल लागले तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. टीव्हीवर बातमी आली, की घरांचं दरडोई उत्पन्न वाढलं आहे, विषमतेचा निर्देशांक किंचित खाली आला आहे. वल्लरी तेव्हा पंधराची व्हायला आली होती आणि शाळेत याच विषयावर प्रकल्प करायचा होता. संध्याकाळी ती वही घेऊन स्वयंपाकघरात आली. भांड्यांच्या ओट्याला टेकून तिनं विचारलं की हा आकडा काढतात कसा. जान्हवीनं कणीक मळता मळता सांगितलं. घरातल्या सगळ्यांची मिळकत एकत्र करायची आणि माणसांनी भागायची. मग सगळ्या देशाची माणसं त्या आकड्यानं खालपासून वरपर्यंत एका रांगेत उभी करायची. त्या रांगेतल्या माणसांमध्ये किती अंतर आहे, ती विषमता.

वल्लरीनं ते लिहून घेतलं. मग तिचं पेन थांबलं.

“बट यू डोन्ट गेट वन-थर्ड, वॉट,” ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

जान्हवीनं वर पाहिलं.

“दे जस्ट डिव्हाइड. सो द नंबर इज राँग लाह.”

“चुकीचा नाही गं,” जान्हवी म्हणाली. “तो घराचा आकडा आहे. घराच्या आत कोण कुणाला किती देतं, ते नाही विचारत ते.”

“व्हाय नॉट?”

याचं उत्तर जान्हवीला येत होतं. दाराच्या आतलं विचारणं अवघड असतं, नवरा शेजारी बसलेला असतो, वेळ कमी असतो, घरातले सगळे वाटून खातात असं धरून चालावं लागतं, नाहीतर हिशोबच पुढे जात नाही. तिनं स्वतः चार वर्षं तसंच धरलं होतं, शेकडो घरांत, आणि एकदाही तिला खटकलं नव्हतं. तिनं वल्लरीला यातलं थोडंफार सांगितलं. सर्वात शेवटी सरांना ‘या पद्धतीच्या मर्यादा’ असा परिच्छेद हवा होता. मी हे लिहू का, वल्लरीनं विचारलं, या वेळी मराठीत.

वल्लरीचे प्रकल्प शाळेत जायच्या आधी नरेश वाचायचा. ते दोघींनाही माहीत होतं. जान्हवीचे हात कणकेत होते.

“लिही,” ती म्हणाली.

नरेश साडेसातला आला. हातपाय धुऊन टेबलाशी बसला आणि वल्लरीनं लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. जान्हवी पोळ्या लाटत होती. त्याच्या डोळ्यांसमोरून पानं वर सरकताना ती पाठमोरी राहूनही मोजत होती. प्रस्तावना, तक्ते, आलेख. मग तो थांबला. तवा तापून धुरावला, तिनं गॅस बारीक केला. वल्लरी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

“‘हाउसहोल्ड’मध्ये दोन एच असतात,” नरेश शेवटी म्हणाला. “एक राहिलाय.”

त्यानं तो दुरुस्त केला, लॅपटॉप मिटला आणि वल्लरीला परत दिला. परिच्छेद तसाच होता. मग त्यानं जान्हवीला विचारलं की भाजी कसली आहे, आणि तिनं सांगितलं, दुधीची.